घरची कोठी, नंबर एक

"ताई, घरची कोठी एकवर राहू द्या जी. बाहेरच्या साऱ्या नव्व्याण्णववर. अना अपडेट आपोआप होते, ते बंदच राहू द्या. परीक्षा होईपर्यंत तं हातच नोका लावू."

टेबलाखाली अर्धी शिरून वायर खोचता खोचता रिंकी बोलत होती. मला तिची वेणी आणि पायाचे तळवे तेवढे दिसत होते. मी "हो, हो" म्हणाले. माझे कान भिंतीपलीकडे होते. तिकडे वाचनालयाच्या खोलीत आमच्या कॉलेजच्या शिपाई सुशिलाबाई माझ्या आठ महिन्यांच्या हिमांशूला घेऊन बसायच्या, आणि दोन मिनिटांपासून त्याचा काहीच आवाज आला नव्हता. मी उठून पाहून आले. झोपला होता. छाती खालीवर होत होती.

परत आले तोवर रिंकी टेबलाखालून निघून हात झटकत होती. "झोपलाच आहे ना जी?"

मी कुठं गेले होते, हे तिला न सांगता कळलं होतं. तिला सगळंच कळायचं. मला नेमकं तेच सोसवत नसे.

ही दोन हजार दहा सालच्या जानेवारीतली गोष्ट. सालेकशाच्या आमच्या विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे होती. गोंदियात बी.एस्सी. करून लागले, चार वर्षं झाली होती. हिमांशूच्या वेळी सात महिने रजेवर गेले, तेव्हा माझ्या जागी तात्पुरती म्हणून दरेकशाची रिंकी आली. बी.ए. झालेली, वर एक डिप्लोमा. मी गेले तेव्हा बारांपैकी पाच मशीन चालत होत्या. परत आले तेव्हा बाराच्या बारा चालत होत्या, म्हणून तिलाही रोजंदारीवर ठेवून घेतलं होतं.

मशीन नागपूरच्या एका ऑफिसने काढून टाकलेल्या. विंडोज विकत घेणं संस्थेच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून लिनक्स. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर ज्या साठ्यातून येतं त्याला रिपॉझिटरी म्हणतात. इंटरनेटवर अशा बऱ्याच असतात. रिंकीने आणखी एक लॅबमध्येच तयार केली होती. सर्व्हरवर एक फोल्डर, आणि त्यात पारखून घेतलेली, या जुन्या मशीनना मानवणारी सॉफ्टवेअर. तिला रिंकी घरची कोठी म्हणायची, धानाची असते तशी. पोरंही तेच म्हणू लागली. प्रत्येक कोठीला एक नंबर द्यावा लागतो. जिचा नंबर लहान, तिचा मान पहिला. एक नंबरच्या कोठीत एखादी गोष्ट असली, तर बाकीच्यांकडे ती कितीही नवी असो, मशीन तिकडे ढुंकून पाहत नाही.

माझ्या वेळी सात मशीन का चालत नव्हत्या, तेही तिनेच शोधलं होतं. पडदा चालवणारं सॉफ्टवेअर नवं होतं आणि आतलं कार्ड जुनं. तिने पंधरा दिवस झटून त्याची जुनी आवृत्ती मिळवली आणि घरच्या कोठीत ठेवली.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी एकदा विचारलं.

"कोणी नाही जी. माझे बाबूजी नवीन बियाणं आणतेत ना, तं पयल्या साली एकाच बांधीत टाकतेत. साऱ्या वावरात नाही टाकत. चांगलं निघालं तं मंग दुसऱ्या साली."

तिने तसंच केलं होतं. खिडकीजवळची बारावी मशीन ही तिची एक बांधी. नवं काही आलं की आधी तिथं. आठ दिवस चाललं तरच घरच्या कोठीत, आणि तिथून बाकी अकरांना. पोरं त्या मशीनला 'पऱ्हेवाली' म्हणायची. धानाचे पऱ्हे जसे आधी एका कोपऱ्यात टाकतात, तशी.

आणि हे नवं यायचं गोंदियाहून. आमच्याकडे फोनच्या तारेवरचं नेट, ते रडतखडत चालायचं. रिंकी दर शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने गोंदियाला जायची, तिथल्या एका ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डिस्क भरून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परस्पर दरेकशाला जायची. डिस्क न्यायची स्टीलच्या गोल डब्यात, कोरड्या तांदळात पुरून. ओल लागू नये म्हणून. डब्याला कडी होती. मला त्याचं हसू यायचं. खरं सांगायचं तर मी ते मुद्दाम आणायचे.

रजेवरून आले त्या पहिल्याच दिवशी तिने एक वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर तिचा पासवर्ड. "तुमचीच लॅब होय जी. तुमच्या नावानं वेगळं खातं बनवून देऊ का?"

"कशाला?" मी म्हणाले. "असू दे आहे तेच."

माझ्याच लॅबमध्ये ही मला खातं काढून देणार, ही कल्पनाच मला झेपली नाही.

मग मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. तशी मी लक्ष ठेवणारीच आहे. हिमांशूच्या अंगावरचा पुरळ, दुधाचं तापमान, शीच्या वेळा, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असायचं. त्यात रिंकीची भर पडली. पोरं अडली की माझ्या टेबलावरून पुढे जाऊन तिच्याकडे जायची. ती साधी रोजंदारीवरची, पण पोरं तिला 'रिंकी मॅडम' म्हणायची आणि मला नुसतं 'मॅडम'. तिचा डबा रोज पुरा संपायचा. माझा तसाच राहायचा.

जानेवारीच्या शेवटी कॉलेजात ब्रॉडबँड आलं.

"आता तरी गोंदियाची फेरी बंद कर," मी म्हणाले. "नेट आलं. मशीनला सांगून ठेवलं की रोज आपोआप अपडेट करतील. जगात सगळीकडे असंच चालतं."

"जगातल्या मशीन नवीन असन जी. ह्या तं म्हाताऱ्या." ती हसली. "म्हाताऱ्यायले रोज नवीन नवीन खायले देलं, तं पोट बिघडते ना."

तेवढ्यात प्राचार्य टेकचंद बिसेन दारात आले. सर तसे भले, पण तोंडात येईल ते बोलणारे. "ओमेश्वरी मॅडम, तुम्ही बाळाकडे पाहा निवांत. रिंकी आहे ना. लॅब का टेन्शनच खतम." आणि जाता जाता म्हणाले, "जूनपासून लॅबला एकच माणूस ठेवा म्हणून राहिली संस्था. पाहू. परीक्षा होऊ द्या."

एकच माणूस. मी रिंकीकडे पाहिलं. ती की-बोर्ड उलटा करून खडूचा चुरा झटकत होती. तिने ऐकलंच नसावं किंवा ऐकूनही तिच्या हाताचा वेग बदलला नसावा. मला दुसरंच खरं वाटलं.

फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. आदल्या शुक्रवारी हिमांशूला दात येत होते. काही केल्या राहीना. सुशिलाबाईंकडून मी घेतला, खांद्यावर टाकला, फिरवला, पाजलं. तो आणखीच ताठ होऊन रडायला लागला. रिंकी आली, "आणा ना जी" म्हणाली आणि त्याला घेऊन पऱ्हेवालीसमोर बसली. पडद्यावर रंगीत मासे इकडून तिकडे फिरत होते. हिमांशू गप्प झाला. मग हसला. नुसता ओठांनी हसायचा तसा नाही, आवाज करून, पोटातून. असा तो आधी कधीच हसला नव्हता.

मी त्याला परत घेतला. त्याने माझ्या खांद्यावरून तिच्याकडे दोन्ही हात लांब केले.

संध्याकाळी घरी मी नवऱ्याला सांगितलं. उमेंद्र पेपर वाचत होता. "मंग चांगलंच झालं ना," तो म्हणाला. "हसला तं."

शनिवारी एक वाजता कॉलेज सुटलं. रिंकी कडीचा डबा घेऊन स्टेशनकडे गेली. मी जर्नल तपासायची आहेत म्हणून थांबले. हिमांशू मांडीवर झोपला होता. मी वही उघडून पासवर्ड टाकला.

मला सगळं नीट येत होतं, हे इथं सांगून टाकते. चूक झाली, कळलं नाही, असं काही नव्हतं. नंबरांच्या फाइलमध्ये बाहेरच्या कोठ्यांना मी एक दिला आणि घरचीला नव्व्याण्णव. आपोआप अपडेट चालू केलं. एका मशीनला पाच-सात मिनिटं. अकरा मशीन, डाव्या हाताने हिमांशूचं डोकं सावरत. पऱ्हेवालीची नेटची तार रिंकीने काढून ठेवलेली होती. ती मी तशीच सोडली. पडद्यांवर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. मला फार बरं वाटलं. सोमवारी परीक्षकांसमोर सरांना काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते. सर, आता सगळं आपोआप होतं. शनिवारच्या फेरीची गरज नाही. त्यासाठी वेगळ्या माणसाची तर नाहीच नाही.

तीन वाजता सुशिलाबाई चहा घेऊन आल्या. "घरी नाही जात का जी?"

"जर्नल तपासून राहिले," मी म्हणाले. जर्नलचा गठ्ठा सुतळीने बांधलेला, तसाच खुर्चीवर होता. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, धावत्या पडद्यांकडे पाहिलं आणि कप ठेवून गेल्या.

साडेचारला सगळं संपलं. एखादी मशीन बंद करून पुन्हा चालू करून बघावी, असं मनात आलं होतं. नवं सॉफ्टवेअर पुन्हा चालू केल्यावरच लागू होतं, हेही मला माहीत होतं. पण हिमांशू जागा झाला. मी सगळ्याच बंद केल्या, कुलूप लावलं आणि घरी गेले.

सोमवारी साडेदहाला पहिली तुकडी आत आली. मशीन चालू झाल्या आणि पडदे काळे राहिले. काळ्यावर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. एकीवर, मग दुसरीवर, मग अकराच्या अकरांवर.

"मॅडम, माहीवाली मेली जी," टिकेश नावाचा पोरगा ओरडला.

"माहीवाली पण."

"पंगतीत काही खाल्लं का बे यायनं, साऱ्या एकदम?"

पोरं हसली. परीक्षक हसले नाहीत. छत्तीस पोरं होती आणि चालू होती एकटी पऱ्हेवाली. तिच्यावर मासे फिरत होते.

रिंकी पहिल्या मशीनवर बसली. काळ्या पडद्यावर तिने काहीतरी टाइप केलं, आलेल्या ओळी वाचल्या. मग नंबरांची फाइल उघडली. मी तिच्या मागे उभी होते. तिची बोटं थांबली. मान न वळवता ती म्हणाली, "ताई, हिमांशूले दूध पाजून घ्या. वेळ लागन."

तिने डबा उघडला, तांदळातून डिस्क काढली, पदराने पुसली. एकेका मशीनला अर्धा तास लागत होता. तोवर पोरं पऱ्हेवालीवर एकेक करून बसत होती. एक वाजता चार मशीन चालू झाल्या, तीन वाजता आठ. रिंकी जेवली नाही. साडेसहाला शेवटच्या पोराचं संपलं. परीक्षकांची गाडी चुकली होती. त्यांनी अहवालात चार ओळी लिहिल्या आणि सही करताना कागद फाटेल इतका पेन दाबला.

मंगळवारी सरांच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या होतो. हिमांशू माझ्या कडेवर. सरांनी गोंदियाहून कोणाला तरी बोलावून मशीनमधली नोंद काढून घेतली होती. शनिवार, दुपारी दोन ते साडेचार. नाव, रिंकी.

"तूच बिघडवलं अना तूच दुरुस्त केलं. यात कौतुक कायचं?" सर म्हणाले. "शनिवारी दोन वाजता कुठी होती तू?"

"गोंदियाले होती जी."

"मंग हे भूतानं केलं का?"

रिंकी माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. पण ती थांबली होती. मला बोलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ ती थांबली, आणि त्याच्यावर आणखी थोडा.

"मॅडम, तुम्ही होत्या ना शनिवारी?" सरांनी विचारलं.

"बाळाला ताप होता, सर," मी म्हणाले. "मी लगेचच गेले घरी."

दारात सुशिलाबाई पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ग्लास एकमेकांना लागून किणकिणले.

"पासवर्ड माझा होय जी," रिंकी म्हणाली. "तं माझंच मनायचं."

सरांनी मार्चअखेरपर्यंत तिला ठेवलं. जूनची जागा मला मिळाली. बुधवारी हिमांशूला खरंच ताप आला, एकशे दोन. मी दर अर्ध्या तासाला मोजत होते आणि उमेंद्रला वाटत होतं, मी तापाला घाबरले आहे. सुशिलाबाईंनी त्या आठवड्यापासून त्याला घेणं सोडलं. "कमरेत उसण भरते जी, लेकरू नाही झेपत आता," म्हणाल्या. त्याच दिवशी दुपारी मी त्यांना पाण्याचे दोन हंडे एकदम उचलून नेताना पाहिलं.

मार्चभर रिंकी माझ्याशी पहिल्यासारखीच बोलली. दात किती आले, पेज देता का, काजळ नोका घालू त्याले. ती भांडेल म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. ती तशीच पडून राहिली.

शेवटच्या दिवशी तिने कडीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला.

"डिस्क आतच आहे जी. तांदूळ दर साली बदलवत जा. जुन्याले ओल धरते."

"बरं."

"नंबर पयलेसारखे करून देले. घरची एकवर." ती चप्पल घालायला वाकली. मग वाकूनच म्हणाली, "अना तुमच्या नावानं खातं बनवून ठेवलं. पासवर्ड तुमीच टाका."

ती स्टेशनकडे गेली. मी मशीनवर बसले. पडद्यावर चौकटीत माझं नाव होतं, ओमेश्वरी, आणि त्याखाली रिकामी जागा. मी ती त्या दिवशी भरू शकले नाही. भरली ती जूनमध्ये.

त्यानंतर तीन वर्षं दर शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने मी गोंदियाला जात होते, डबा मांडीवर घेऊन. गाडीतल्या बाया विचारायच्या, "काय आहे जी डब्यात, प्रसाद?" मी म्हणायचे, तांदूळ. नवं आलेलं आधी पऱ्हेवालीवर ठेवायचे, आठ दिवस वाट पाहायचे. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. एकदाही काही बिघडलं नाही, आणि बिसेन सर बाहेरून आलेल्यांना सांगायचे, "आमच्या मॅडमचा हिसाब एकदम पक्का आहे." मी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, विनय.

गेल्या वर्षी नव्या मशीन आल्या. जुन्या भंगारात गेल्या. डिस्क आता कशालाच लागत नाही. तरी दिवाळीनंतर नवं धान मिलमधून आलं की मी डब्यातले तांदूळ बदलते. हिमांशू आता पाच वर्षांचा आहे. तो विचारतो, यात काय पेरलंय?

सालेकसा ते दरेकसा एक स्टेशन आहे. गाडीने पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. इतक्या वर्षांत मी तिकडच्या फलाटावर उभी राहिले नाही. रिंकीचं लग्न झालं म्हणतात, झालं नाही म्हणतात. एकदा कळलं, ती तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, म्हणजे पत्ता मोजून घेतात तिथं, मजुरांची नावं लिहायला बसते. एकदा कळलं, आजारी होती. सुशिलाबाईंना नक्की माहीत असणार. मी त्यांना विचारू शकत नाही.

तुमच्यापैकी कोणी डोंगरगडला जात असेल, तर गाडी दरेकशाला थांबते. स्टेशन लहान आहे, घर कोणीही दाखवेल. ग्यानीराम यांची मुलगी रिंकी म्हणून विचारा. कशी आहे, तेवढं पाहून या. तब्येत कशी आहे, हाताला काही काम आहे का, जेवते का पोटभर. कोणी पाठवलं म्हणून तिने विचारलं, तर नाव सांगितलं नाही तरी चालेल, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. माझं नाव सांगा.